फणीवरची शपथ

पंचांना दाखवायला म्हणून मी सकाळी सकाळी खाटकाकडून बोकडाचा भेजा आणला आणि डबा वहिनीच्या हाती देताना एवढंच म्हणालो, "हे पंचायसाठी आहे वं वहिनी, जपून ठेव." आणि अंगणात सतरंजी टाकायला गेलो. आमच्या विणकरांच्या घरात रविवारी पंच येणार आणि दिराने पंचांसाठी म्हणून भेजा आणून दिला, तर घरची बाई त्याचं काय करेल, हे ज्याला कळत नाही त्याने मेंदूवर संशोधन करू नये. मी तर पोटापाण्यासाठी तेच करत होतो. तासाभराने खसखस आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचा घमघमाट सुटला, तेव्हा मी चुलीकडे धावलो. पातेल्यात लाल तर्रीखाली माझं अख्खं व्याख्यान शिजत होतं.

"अवं वहिनी, हे काय केलं तू?"

"तुमीच तं म्हनले, पंचायसाठी आहे म्हनून."

"खायाले नव्हतं ते, दाखवाले होतं!"

वहिनीने पळी तशीच हवेत धरली. "भेजा दाखवाले आनते का कोनी, भाऊजी? तुमच्या कालेजात दाखवत असतीन. आमच्या घरी खातेत."

शेजारी माझी बायको कांदा चिरत बसली होती. ती कळमेश्वरची. तिकडची माणसं लगेच बोलत नाहीत, साठवून ठेवतात. मला तेवढ्यातही धडकी भरली.

आता हे पंच कशाला येणार होते, ते सांगतो.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मेडिकल कॉलेजात शिकवायला होतो आणि बायकोसह सदरला खोली घेऊन राहायचो. डॉक्टर होतो, पण नाडी न बघणारा. माझं काम मेलेल्या माणसाच्या मेंदूशी. वस्तीत मला सगळे भेजेवाला डॉक्टर म्हणत आणि कोणाचं पोट दुखलं तर मला टाळून कंपाउंडरकडे जात. ते बरोबरच होतं. मी ज्या विषयाच्या मागे लागलो होतो तो म्हणजे वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या माणसाच्या मेंदूचं नेमकं काय होतं. मेंदू उलटा केला की तळाशी, मधोमध, वाटाण्याएवढ्या दोन गाठी दिसतात. नवी आठवण पक्की व्हायची वाट तिथून जाते. जन्मभर प्यायलेल्यांच्या मेंदूत त्या गाठी मला आक्रसलेल्या, तपकिरी पडलेल्या दिसत. हे एकट्या दारूचं काम नव्हे. पिणारा धड जेवत नाही, जेवला तरी त्याच्या अंगी लागत नाही, आणि अन्नातलं एक जीवनसत्त्व कमी पडलं की मेंदूचा तेवढाच कोपरा उपाशी मरतो. भरल्या ग्लासापुढे बसलेला माणूस आतून उपाशी असतो.

आमच्या विभागप्रमुखांना हे आवडत नसे. ते म्हणाले, "दारू हा चारित्र्याचा प्रश्न आहे. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं काय आहे?" मी त्यांना ताडकन म्हणालो, "सर, चारित्र्य मेंदूच्या कुठल्या भागात असतं ते दाखवा, मी त्याचाही काप काढतो." खरं सांगायचं तर हे वाक्य मला घरी आल्यावर, आंघोळ करताना सुचलं. तिथे मी "हो सर" म्हणालो होतो. पण काम सोडलं नाही. माझं टेबल जिन्याखालच्या खोपटात हलवलं गेलं, तर मी सूक्ष्मदर्शक उचलून जिन्याखाली गेलो. वर पोरांच्या चपला वाजायच्या, खाली मी वाटाण्याएवढ्या गाठी बघत बसायचो.

आणि मग त्या गाठींनी माझं घर गाठलं.

दादा माझ्याहून बराच थोरला. आमचा बाप गेल्यावर घर त्याच्या मागावर चाललं. मलाही लहानपणी मागावर बसवून बघितलं होतं, पण माझ्या हातून आडवं सूत नेणारा धोटा सुटून एकदा वहिनीच्या पायावर आणि एकदा पाहुण्याच्या कपाळावर गेला. तेव्हा दादाने जाहीर केलं, "ह्याले शाळेत घाला. सूत तं वाचन." माझ्या उच्च शिक्षणाचं मूळ हे असं आहे. दादाच्या हातची करवती काठाची लुगडी मात्र वस्तीत नावाजलेली. तीन धोटे चालवायचा, दोन काठांचे आणि एक मधला, आणि करवतीचे दात असे उतरायचे की बोट फिरवलं तर टोचेल असं वाटावं. पुढे सूत वेळेवर मिळेना, लुगडी नेसणाऱ्या बाया पातळं नेसू लागल्या, माग बंद पडू लागले, आणि रिकाम्या हातांची माणसं भट्टीवर जाऊन बसू लागली. भट्टी म्हणजे आमच्या नागपुरात देशी दारूचं दुकान. दादाही बसला. तो वर्षानुवर्षं बसला आणि वहिनीने त्या वर्षांत काय काय सोसलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

एका उन्हाळ्यात दादाची चाल फाकली. डोळे थरथरायला लागले. स्वतःच्याच दारात उभा राहून "हे कोनाचं घर आहे गा?" असं विचारायला लागला. त्याला दवाखान्यात नेलं, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. डोळे थांबले, पाय सरळ पडू लागले. आठवण मात्र परतली नाही. जुनं सगळं शाबूत होतं. बापाचा आवाज, मला खांद्यावर घेऊन दाखवलेली जत्रा, सगळं. नवं काही टिकेना. जेवून हात धुतला की थोड्या वेळाने विचारी, "आज चूल नाई पेटली का वं?" आणि काल कुठे होतास असं विचारलं तर म्हणायचा, "मौद्याले गेलो होतो ना. बैलजोडी पाहाले. एकाचं शिंग तुटलं होतं, म्हून सोडली." त्याने महिनोन्महिने गल्ली ओलांडली नव्हती, आणि आमच्या घरात कधी बैल नव्हते.

लोक म्हणाले, दारुड्या खोटं बोलून राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. खोटं बोलणारा समोरच्याचा चेहरा बघतो, की पटलं का. दादा बघत नसे. त्याच्या मेंदूला मध्येच भोक पडलं होतं आणि मेंदूच, त्याला न विचारता, हाताशी येईल त्या चिंधीने ते बुजवत होता. जिन्याखाली मी जे मेलेल्यांत बघत होतो ते माझ्यासमोर बसून बिडी पेटवत होतं आणि मला म्हणत होतं, "लहान्या, कवा आला?"

आता शपथेचं. आमच्या वस्तीत मोठी शपथ देवळात घेत नाहीत. मागावर घेतात. ताण्याचे उभे धागे ज्या फणीतून जातात, त्या फणीवर हात ठेवायचा. दसऱ्याला कुंकू लागतं ते तिलाच. तिच्यावर हात ठेवून जे बोललं ते मोडलं, तर त्या माणसाने पुन्हा मागावर बसायचं नाही. विणकर सोसायटी त्याचं सूत बंद करते आणि माग जमिनीतल्या ज्या खड्ड्यावर बसवलेला असतो तिथून उपसून नेते. दादा दवाखान्यातून आला त्याच आठवड्यात पंच घरी आले, मी कॉलेजात होतो, आणि त्यांनी दादाचा हात फणीवर ठेवून त्याच्याकडून दारू सोडल्याची शपथ घेतली. वहिनी सांगत होती, दादा खणखणीत आवाजात बोलला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पंच चहा पिऊन गेले. ते गल्लीच्या तोंडाशी पोचले नसतील तोवर दादाने तिला विचारलं, "कोन आलं होतं वं?"

पुढे पोळ्याच्या आधी एक दिवस वहिनी नळावर गेली आणि दादा उठून चालत भट्टीवर गेला. तिथे तो बसलेला सोसायटीच्या माणसाने पाहिला. निरोप आला, रविवारी पंच येतील आणि माग नेतील.

दादाकडे आता काल नव्हता, परवा नव्हता. त्याच्याकडे माग होता. त्याच्यावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच पडून होतं. वहिनीने वरून जुनी चादर टाकली होती, कारण खड्ड्यात पाय सोडून बसला आणि तोल गेला तर, या भीतीने ती त्याला बसू देत नव्हती. पण तो दिवसभर त्या चादरीवर हात ठेवून शेजारी बसायचा. तो माग गेला असता तर त्या घरात दादा नावाचं काही उरलं नसतं. म्हणून मी ठरवलं, पंचांना मेंदू दाखवायचा. तळाशी असं असतं, इथे बिघडलं की माणूस शपथ मोडत नाही, शपथ त्याच्यात राहतच नाही. माणसाचा मेंदू वस्तीत आणणं बरं नव्हे, म्हणून बोकडाचा आणला. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पंच तिघे होते. थोरले पंच म्हणजे सोसायटीचे म्होरके, म्हातारे, कमी बोलणारे. दुसरे चष्मेवाले, नियमांचे पक्के. तिसऱ्यांनी नुकतीच गळ्यात माळ घातली होती. त्याआधी बरीच वर्षं ते भट्टीवर दादाच्या बाकावरच बसत. आमच्याकडे निवाडा जेवणानंतर करतात, उपाशी माणूस जास्त कडक बोलतो असं मानतात म्हणून. तिघे जेवले, तोवर वस्तीतले लोकही अंगणात जमले. थोरल्यांनी भेजा मागून घेतला. माळवाल्यांनी "मले फक्त तर्री" म्हणून वाटी पुढे केली. वहिनीने वाढली, पण तिची भुवई वर गेली ती मी बघितली.

पान खाऊन थोरले पंच म्हणाले, "हां डाक्टर. तू काई दाखवनार होता म्हने."

"दाखवणार होतो काका. तुम्ही आत्ता खाल्लात."

अंगणात हशा पिकला. पंचही हसले. मला वाटलं, जमलं. मी उभा राहिलो आणि कॉलेजात बोलतो तसं बोलू लागलो, "स्मृती ही दोन प्रकारची असते..." दुसऱ्या वाक्याला चष्मेवाल्यांनी जांभई दिली. तिसऱ्याला शेजारची म्हातारी उठून गेली.

"थे राहू दे," चष्मेवाले म्हणाले आणि दादाकडे वळले. "काहून गा, फनीवर हात ठेवून शपथ घेतली होती का नाई?"

दादा गोड हसला. "कवा? मी तं मौद्याले होतो."

"पाहा! तोंडावर खोटं बोलून रायला!"

माझी शुद्ध भाषा तिथेच संपली. "खोटं नाई बोलून रायला थो! काका, तुमी जरा उठा. उठा ना. त्या दारातून बाहेर जा आनि परत या."

थोरल्या पंचांना वस्तीत असं कोणी उठवत नसे. पण म्हातारा कुतूहलाने उठला, गल्लीत जाऊन उभा राहिला. मी दादाशी त्याच्या पायाच्या जुन्या दुखण्याबद्दल दोन वाक्यं बोललो. थोरले परत आत आले. दादाचा चेहरा उजळला. "अरे! या काका, या! किती दिवसानं आले! काकू कशा आहे? अवं, काकाले पानी दे."

लोक हसले. मी थोरल्यांना हात जोडले, "पुन्हा एकदा." ते पुन्हा गेले, पुन्हा आले. "अरे काका! या, बसा. लय दिवसानं!" आणि दादाने त्यांच्या पायांना हात लावला, तितक्याच प्रेमाने. थोड्या लोकांना हसू आलं. तिसऱ्यांदा दादा तितक्याच आनंदाने उठला तेव्हा अंगणात कोणीच हसलं नाही. थोरल्यांनी त्याचे खांदे धरले, ते सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

"काका," मी म्हणालो, "तुमी मागाची मानसं. धोटा फिरते, पायाखाली पावडी चालते, सगळं बराबर. पन धोट्यातल्या कांडीवर सूतच नसन, तं कपडा होईन का? ह्याचा धोटा फिरून रायला. कांडी रिकामी आहे. आज जे होते थे विनलंच जात नाई. मंग मधात भोकं पडतेत, तिथं जुन्या चिंध्या लागतेत. मौदा, बैल, शिंग. त्या चिंध्या आहे, खोटं नाई."

थोरल्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं. पण आता माळवाले बोलले. "बराबर आहे. शपथ विसरला. पन भट्टी नाई विसरला? वा रे बिमारी! पाह्यजे थे याद रायते अन् नको थे जाते!"

अंगण पुन्हा त्यांच्या बाजूला गेलं. मी तिथल्या तिथे विचार केला, आणि विचार करताना माझ्या लक्षात आलं की माणूस टोमणा मारायला गेला आणि माझ्या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारून बसला. मी म्हणालो, "काका, भट्टी त्याच्या डोक्याले याद नाई. पायाले याद आहे. किती वर्स तेच पाय त्याच वाटेनं गेले. याद ठेवलेली गोष्ट अन् सवयीची गोष्ट, दोनी येगळ्या जागी रायतेत. त्याच्या डोक्यातल्या गाठी बिघडल्या तरी पाय शाबूत."

"म्हंजे पाय असेच जातीन," चष्मेवाल्यांनी लगेच पकडलं. "मंग तं माग नेलाच पाह्यजे. ज्याले काल याद नाई, त्याले करवती काठ याद राहीन का? सूत सोसायटीचं आहे, डाक्टर. तुह्या भेज्याचं नाई."

पायांना जे लागू, ते हातांना लागू असायला हवं, असं माझं शास्त्र सांगत होतं. पण मी जे मेंदू बघितले होते त्यांना हात उरले नव्हते. मी "असायला हरकत नाही" असं काहीतरी पुटपुटलो. असल्या वाक्याने कोणाचा माग वाचत नाही.

आम्ही भांडत राहिलो. चष्मेवाले नियम सांगत होते, मी आवाज चढवत होतो, माळवाले मध्ये मध्ये "वा रे बिमारी" म्हणत होते. आणि मग आतून आवाज आला. खट्. खटक्. खट्.

सतरंजीवर दादा नव्हता.

त्याला कंटाळा आला होता. अंगणात कोण भांडतंय, कशासाठी, हे तो विसरला होता. तो उठून आत गेला होता, चादर बाजूला सारून खड्ड्यात पाय सोडून बसला होता. सगळे दारात जमा झाले. वहिनी पुढे झाली आणि तशीच थांबली. दादाचे पाय पावडीवर चालत होते. तिन्ही धोटे जणू त्याच्या हातांतून कधी सुटलेच नव्हते असे जात येत होते. एक काठ, मधला, दुसरा काठ, आणि फणीने सूत दाबून बसवायचं. वर बघायचं नाही, थांबायचं नाही. करवतीचा एक दात उतरला, दुसरा उतरला. जुन्या दातांना नवे जिथे जोडले गेले तिथे कुठे सांधा दिसत नव्हता.

मग तो मध्येच थांबला. काठाकडे बघत म्हणाला, "हे कोनाचं लुगडं आहे वं?"

वहिनी म्हणाली, "माझं."

"मंग चांगलं विनतो," दादा म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला.

थोरल्या पंचांनी वाकून काठावर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. चष्मेवाले मागून म्हणाले, "विनून रायला थे ठीक आहे. पन शपथ मोडली थे मोडली. नियम म्हंजे नियम."

तेव्हा मी जे बोललो ते मला आंघोळीत नाही, तिथेच सुचलं. आयुष्यात एकदाच असं झालंय, म्हणून लिहितो. "मोडाले आधी धरावं लागते, काका. पाळन्यातल्या लेकराचा हात फनीवर ठेवून तुमी शपथ घेतली असती का? नाई ना? कारन त्याच्याजवळ ठेवाले जागा नाई. ह्याच्याजवळबी नव्हती. तुमी शपथ घेतली, त्यानं दिलीच नाई. चूक ह्याची नाई, शपथ घेनाऱ्याची आहे. अन् सांगून ठेवतो, माग काढाले कोनी खड्ड्यात उतरला तं आधी माह्या अंगावरून उतरन."

हे शेवटचं मी बोलून गेलो खरा, पण माझी शरीरयष्टी पाहता चष्मेवाले सहज उतरले असते. ते उतरले नाहीत, कारण वहिनी पुढे आली. पदर खोचलेला, हातात अजून पळी. ती थेट माळवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमी इतके वर्स ह्यायच्या बाजूले बाकावर बसत होते. तवा नाई फनी आठवली? तवा नाई पंच बसवले? ह्यायनं प्याली तवा मार मी खाल्ला, उपास मी काढले. रागवाचा हक मले आहे, तुमाले नाई. अन् मी म्हनते, माग राहीन. पाय घरी कसे बसवाचे थे मी पाहीन. हे मागावर असतीन तं पाय पावडीवर राहीन ना? काढून नेला तं जातीन कुठं? तुमच्याच बाकावर!"

मला एवढं शास्त्र शिकून जे नीट मांडता आलं नव्हतं ते तिने रागाच्या भरात मांडलं, असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नव्हतं. शास्त्रबिस्त्र काही नाही. तिला तिचा माग हवा होता आणि ती हटत नव्हती.

थोरले पंच सरळ झाले. मागाकडे गेले, फणीला हात लावून तो कपाळाला लावला. "ज्याले धरता येत नाई त्याच्याजवळून आमी शपथ घेतली. आमची चूक. फनी मोकळी." मग माझ्याकडे बघून, "पन पाय पुन्हा तिकडे गेले तं?"

"तं आमाले बोला, काका. त्याले नाई. मागाले तं नाईच."

चष्मेवाले आणि माळवाले निरोपाचं पान न घेता निघून गेले. आमच्याकडे पान न घेता जाणं म्हणजे संबंध तोडणं. त्या दसऱ्याला वस्तीतल्या घराघरांत माग पुजायला लोक गेले, आमच्याकडे थोरले सोडून कोणी फिरकलं नाही. आम्ही आमचा माग आम्ही पुजला. नारळ मी फोडला आणि पाणी फणीऐवजी स्वतःच्या धोतरावर सांडलं. दादा खूप हसला. दादाचे पाय पुढे दोनदा भट्टीकडे गेले, हे लपवत नाही. दोन्ही वेळा वहिनी जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आली, आणि रस्त्याने कोणाला काही बोलायचं असेल तर त्याच्याकडे थांबून बघत आली. ते लुगडं पुरं झालं. तिने ते माझ्या पोरीच्या लग्नात नेसलं.

मी माझ्या निबंधात हात आणि पाय यांच्या आठवणीबद्दल लिहिलं, त्यात मागाचाही उल्लेख केला. सरांनी ते पान काढायला सांगितलं, "हे घरगुती आहे." मी काढलं नाही. निबंध माझ्यासारखाच जिन्याखाली राहिला. आजही मला कोणी म्हणतं, तुम्ही दारुड्यांना निमित्त पुरवता. मी म्हणतो, मी निमित्त पुरवत नाही, मी मेंदू उलटा करून दाखवतो. बघायचं असेल तर या. नको असेल तर चारित्र्यावर व्याख्यान दुसरीकडे द्या, माझ्या जिन्याखाली जागा कमी आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं सदरला आमच्या खोलीवर परतलो. शेजारचे मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, काय झालं हो पंचांचं? मी सायकल भिंतीला लावायच्या आत सुरू झालो. पंच पाच होते, सगळे लाठ्या घेऊन आले होते. मी बोकडाचा मेंदू ताटात ठेवून एकेक भाग दाखवला, तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. चष्मेवाल्यांना तर रडू आवरेना. मास्तर तोंड उघडं ठेवून ऐकत होते. बायको मागे रिकामा डबा घेऊन उभी होती.

मास्तर आत गेल्यावर ती कुलूप काढत म्हणाली, "अजी, दादायले याद नाई म्हनून ते मधात गोष्टी भरतेत. त्याले तुमी बिमारी म्हनता. तुमाले तं सगळं याद आहे. मंग तुमच्यासाठी कोनतं इंजेक्शन आहे?"